रॅम्पनंतर खेळाचे काय?

महोदय,

क्रीडासंकुलात दिव्यांगांसाठी रॅम्प आणि स्वतंत्र स्वच्छतागृह बांधणार, ही ठाणे आवृत्तीतील बातमी वाचली. निर्णय स्वागतार्ह आहे. पण आत गेल्यावर तीव्र अपंगत्व असलेली मुले खेळणार काय, याचा त्यात उल्लेख नाही. त्यांनी कडेला व्हीलचेअरवर बसून इतरांचा खेळ पाहायचा, हे आपण गृहीतच धरले आहे.

बोचिया, म्हणजे आपले चेंडू पांढऱ्या लक्ष्यचेंडूच्या जास्तीत जास्त जवळ पोहोचवण्याचा खेळ, १९८४पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. हाताने चेंडू फेकता न येणारे खेळाडू तो उतरत्या पन्हळीवरून सोडतात, गरज पडल्यास डोक्याला बांधलेल्या काठीने. पन्हळ हलवणारा साहाय्यक मैदानाकडे पाठ करून बसतो. पन्हळ किती वळवायची, हे खेळाडूच ठरवतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या माझ्या मुलीचा एरवीचा प्रत्येक निर्णय आम्हीच घेतो, म्हणून मला या नियमाचे मोल फार वाटते.

या खेळाचे मैदान १२.५ बाय ६ मीटरचे, म्हणजे बॅडमिंटन कोर्टात मावणारे. खेळातील सहभागाची तरतूद दिव्यांग हक्क कायदा, २०१६च्या कलम ३०मध्ये आहेच. संकुलातील बॅडमिंटन हॉल आठवड्यातून दोन तास या मुलांसाठी राखून ठेवावा आणि प्रशिक्षक नेमावा.

– एक पालक, कळवा (ठाणे)