संरक्षणमंत्र्यांस खुले पत्र : हुकूम पोहोचला, उलट निरोप कुठे अडला?

मा. संरक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी भोसरी एमआयडीसीतला एक छोटा कारखानदार. अकरा माणसं, दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीनं, एक म्हातारं ग्राइंडिंग मशीन. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून लिहितो. परवा सोमवारी आपल्या खात्याच्या एका कार्यालयाचं पत्र आलं. नाव लिहीत नाही, कारण माझे पैसे अजून त्यांच्याकडेच आहेत. पत्र अडीच ओळींचं. आमची डेव्हलपमेंट ऑर्डर 'शॉर्ट क्लोज' होत आहे, म्हणजे अर्ध्यावर बंद, आणि उशिराबद्दलची एल.डी., म्हणजे दंडाची रक्कम, बिलातून कापली जाईल.

ऑर्डर कसली होती? जवान खांद्यावरून डागतो तसलं लहान क्षेपणास्त्र वाटेत वळतं ते बहुधा शेपटीतल्या चार पंखांवर. पंख फिरवणारी यंत्रणाही तिथेच बसवायची, आणि मधली जागा रॉकेटच्या नळीने आधीच अडवलेली. उरते भोवतीची चिंचोळी कड. तिच्यात चार मोटरी, चार गिअर, पंख किती वळला ते कळवणारे चार सेन्सर आणि वायरींचं जंजाळ. मोठ्या क्षेपणास्त्रात हायड्रॉलिक चालतं. इथे तेल ठेवायला जागा कुठे? सगळं विजेवर. काम मोजक्या सेकंदांचं, पण वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिल्यावरही पहिल्या हाकेला उठायला हवं.

खरी झटापट असते ती गिअरमधल्या प्लेशी, म्हणजे दात्यांमधल्या सैलपणाशी. प्ले राहिला की पंख हुकमाच्या मागे राहतो, फडफडतो. प्ले मारायला घट्ट बसवलं की मोटर अडते. आमचा फिटर एकसष्ट वर्षांचा. मोजमापाची डायल लावण्याआधी तो पंखाचं टोक चिमटीत धरून हलवतो आणि म्हणतो, ''साहेब, आहे थोडा.'' डायल मागाहून तेच सांगते. एकदा ज्वारीच्या दाण्याहून लहान बॉल हातातून निसटला, तर चार माणसं दुपारभर लोहचुंबक घेऊन फरशी झाडत होती. हे तुमच्या फायलीत 'विक्रेत्याकडून दिरंगाई' म्हणून नोंदलं जातं.

दिरंगाई कुणाची ते ऐका. ड्रॉइंग पाच वेळा बदललं, ते त्यांनी. तिसऱ्या वेळी तर भोकांची जागाच हलवली. तयार हाउसिंग (बाहेरची कवचं) भंगारात, आणि भंगाराचे पैसे माझे. इन्स्पेक्शनला येणारे साहेब प्रशिक्षणाला गेले ते सात आठवडे. मग एप्रिल २०२५ मध्ये चीनने सॅमेरियमसारख्या दुर्मीळ धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात-परवाना लावला. मोटरला चुंबक लागतं. तिकडचा व्यापारी म्हणतो, माल लष्करी कामाला वापरणार नाही असं लिहून द्या. काय लिहून देऊ, साहेब? क्षेपणास्त्र नाही, मिक्सर बनवतोय? हे मी कार्यालयाला तीनदा मेलने कळवलं. उत्तर एकच आलं : 'मुदतवाढीसाठी विहित नमुन्यात अर्ज करावा.' विहित नमुना कुठे मिळतो, ते विहित नव्हतं.

बारांपैकी आठ संच दिले. चाचणीत पास झाले, सही आहे. बिल २१ लाख ४० हजारांचं, त्याला चौदा महिने झाले. चाचणीचा रिग (तपासायची मांडणी) स्वतःच्या खर्चाने बांधला, १७ लाख. त्यातले नऊ मेहुण्याचे. त्याच्या मुलीच्या लग्नात मी मागच्या रांगेत बसलो, बुफेलाही शेवटी गेलो. तो काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. दोन पोरं काम सोडून चाकणला गेली. त्यांना काय तोंडाने थांबवू?

कायदा माझ्या बाजूने आहे म्हणतात. २००६ च्या लघुउद्योगांच्या (एमएसएमई) कायद्यानुसार आमच्यासारख्यांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार टाकली. तक्रार ऐकणाऱ्या परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असंही कायद्यात लिहिलंय. मला आतापर्यंत मिळाल्या आहेत चार तारखा. २०२४ पासून खाजगी कंपनीने आमचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तिला आयकरात त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, म्हणून मार्चमध्ये ती धावत येऊन देते. सरकारी कार्यालयाला कसला आयकर? तेव्हा त्यांचा मार्च कधी येतच नाही. माझ्या गल्लीतल्या दहा कारखान्यांपैकी सातांचे पैसे कुठल्या ना कुठल्या सरकारी दारात अडकलेत. शास्त्रीय पाहणी नाही ही, चहाच्या टपरीवरची आहे. खोटी ठरवून दाखवा.

आमच्या यंत्रणेत नुसता हुकूम देऊन भागत नाही. पंख खरंच किती वळला ते सेन्सरने उलट कळवावं लागतं, नाहीतर क्षेपणास्त्र आंधळं. तुमच्या खात्यात हुकूम भरपूर सुटतात : आत्मनिर्भर व्हा, आयडेक्समध्ये (तुमच्या खात्याच्या नवउद्योगांसाठीच्या योजनेत) या, आयातबंदीच्या याद्या वाचा. खाली पंख वळला का, हे सांगणारी तारच कुणी जोडलेली नाही. १९८३ साली क्षेपणास्त्रांचा एकात्मिक कार्यक्रम सुरू झाला, त्यातल्या 'नाग' या रणगाडाभेदी क्षेपणास्त्राची अंतिम चाचणी झाली ऑक्टोबर २०२० मध्ये. मधल्या काळात, २०१९ ला, इस्रायलची 'स्पाइक' ही रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं तातडीने आणावी लागली. शास्त्रज्ञांना मी दोष देत नाही. आमच्याच पाषाणच्या एआरडीईने (डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेने) केलेलं लेझरवालं रणगाडाभेदी क्षेपणास्त्र २०२० मध्ये नगरच्या के. के. रेंजवर अर्जुन रणगाड्यातून डागलं गेलं, तेव्हा आमच्या शॉपवर पेढे वाटले होते. पण सदतीस वर्षांत माझ्यासारखे किती जण ड्रॉइंग बदलता बदलता दमले, याची नोंद कुठल्या संग्रहालयात आहे? २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६ लाख ८१ हजार कोटी. माझे २१ लाख त्यात शोधायला आमच्या फिटरचं लोहचुंबक पाठवू का?

मागणं थोडं आहे. पास झालेल्या मालाचे पैसे द्या. ड्रॉइंग तुम्ही बदललं तर मुदत आपोआप वाढू द्या. आणि पुढच्या निविदेत 'उलाढाल दहा कोटी' ही अट घालण्याआधी, हा भाग पहिल्यांदा कुणी करून दाखवला ते एकदा विचारा.

आपला,
भोसरीतला एक कारखानदार

ता. क. — हे पत्र टाईप करत असतानाच त्या कार्यालयातून फोन आला. नव्या निविदेतल्या कंपनीला महिनाभर माझा चाचणी-रिग हवा आहे. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, ''राष्ट्रकार्य आहे, साहेब.''