बाय, तो नववा प्रश्न तुम्ही मोठ्याने विचारलात

बाय,

हे पत्र खरं तर खूप आधीच लिहायला हवं होतं. कौन्सिलिंगच्या शेवटच्या सेशनला मी आभार मानायला तोंड उघडलं तर तुम्ही लगेच म्हणालात, मी काय केलं दादा, केलं ते तुम्हीच. मी गप्प बसलो, पण ते मला पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, आरोग्य केंद्राचंही नाही. वाचलंत की ओळखालच.

गोव्यातल्या आमच्या डिचोलीत २०१८ चा मार्च कोणी विसरणार नाही. ७ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने लोहखनिजाच्या खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्चपासून खाणी बंद. २०१२ मध्ये एकदा बंद झाल्या तेव्हा कसंबसं निभावलं होतं, मग परत सुरू झाल्यावर मी कर्ज काढून खनिज वाहायला दुसरा टिपर ट्रक घेतला, आणि आता दोन्ही दारात उभे. सगळे म्हणायचे दोन महिन्यांत सुरू होईल. मी रोज सकाळी दोन्ही इंजिनं दहा-दहा मिनिटं चालू ठेवायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. मग कधीतरी तेही सोडलं. नक्की कधी ते आठवत नाही, पण आता मागे बघितलं की वाटतं आजार तिथूनच सुरू झाला.

आजार हा शब्द तेव्हा डोक्यात नव्हताच. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधड, हातपाय गार. ईसीजी काढला, नॉर्मल. आईने देवळात कौल घेतला, दिष्ट काढली, बायकोने सोमवार धरले, आणि त्यांना मी अजिबात नावं ठेवत नाही, त्यांच्या हातात होतं ते त्यांनी केलं. मी सोप्यावर बसून असायचो. मुलगी शाळेतून येऊन शेजारी बसून काहीतरी सांगायची आणि ती उठून आत गेल्यावर माझ्या लक्षात यायचं की अरे, ही बोलत होती. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. सोमवारच्या भजनाला पेटी मी वाजवायचो, ती माळ्यावर गेली. मंडळी बोलवायला आली तर बायको सांगायची बरं नाही. आणि डॉक्टरकडे मनासाठी म्हणून जायचं हे तर सुचणारच नाही, कारण पूर्वी वेड्यांचं हॉस्पिटल पणजीत आल्तिनोला होतं आणि आमचे आजोबा कोणाची टिंगल करायची झाली की त्याला आल्तिनोचो म्हणायचे. ते डोक्यात लहानपणापासून बसलेलं.

२०१९ च्या पावसाळ्यात मी बीपी बघायला म्हणून आरोग्य केंद्रात आलो. डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारून मला तुमच्या खोलीत पाठवलं, लसीकरणाच्या बाजूची ती छोटी खोली, कोपऱ्यात खोके रचलेले. मी तुम्हाला मॅडम म्हटलं. तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत की मी डॉक्टर नाही, या कामाचं ट्रेनिंग घेतलेली कौन्सिलर आहे, मॅडम नको म्हणा, म्हणून मग बाय. नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा तो फॉर्म. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. झोप, भूक, थकवा, कशात मन लागत नाही, मी सांगत गेलो, तुम्ही खुणा करत गेलात. नववा प्रश्न आला तेव्हा तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि माझ्याकडे बघून विचारलंत, मेलेलं बरं असं मनात येतं का?

बाय, तोपर्यंत मला एकानेही हे विचारलं नव्हतं. लोकांना वाटतं विचारलं तर त्या माणसाच्या डोक्यात नसलेलं येईल. तसं होत नाही हे आता मला माहीत आहे, पण त्या दिवशी फक्त एवढं कळलं की छातीवरचं कोणीतरी उचललं. मी म्हटलं येतं, आणि रडलो, शेहेचाळीस वर्षांचा माणूस. तुम्ही घाबरला नाहीत, शांत हो म्हटलं नाहीत. डॉक्टरांना तिथेच बोलावलंत, बायकोला सांगू का हे मला विचारून मग तिला आत घेतलंत, आणि बांबोळीच्या मनोविकार ओपीडीत कुठल्या दिवशी जायचं, सोबत कोण येणार, सगळं कागदावर लिहून दिलंत. त्या रात्री घरातलं कोणी झोपलं नाही, पण पहिल्यांदाच सगळे एका गोष्टीवर जागे होते.

गोळ्या सुरू झाल्या आणि आठ दिवसांत मी बंद करायला निघालो, काही फरकच नाही म्हणून. तुम्ही सांगितलंत की या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे तरी जातात, आणि मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. एवढं साधं मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

पण खरं सांगायचंय ते पेटीचं. मी म्हणायचो मन लागू दे, मग वाजवीन. तुम्ही ते उलटं केलंत, आधी थोडं करा, मन मागून येतं. दोनशे पानी वहीत रकाने आखून दिलेत, दिवस, काय केलं, कसं वाटलं. पहिल्या आठवड्याचं काम होतं दहा मिनिटं पेटी वाजवणं, आणि मला ते जमलं नाही. वही कोरी. पुढच्या सेशनला मी आलोच नाही, कुठल्या तोंडाने येणार. तर तुम्ही भर पावसात स्कूटरवरून घरी आलात, रेनकोटचं पाणी सोप्यावर ठिबकत होतं, आईने पेज दिली ती खाल्लीत आणि विचारलंत, दादा, नेमकं कुठे अडकलं? का केलं नाही असं नाही विचारलंत. मी म्हटलं पेटी माळ्यावर आहे. मग तुम्ही म्हणालात, काम मोठं झालं, माझंच चुकलं, या आठवड्यात फक्त खाली आणून पुसा.

आणली. झाकणावर पांढरी बुरशी, भात्याच्या घड्यांत कोळिष्टकं, मधली एक पट्टी दमटपणाने फुगून दाबली की वर यायची नाही. खोबरेल तेलाचं फडकं घेऊन बसलो आणि मुलगी येऊन बसली, दुसऱ्या बाजूने पुसायला लागली. किती वेळ गेला कळलं नाही. वहीत लिहिलं, पेटी पुसली, बरं वाटलं. ते दोन शब्द लिहिताना हात थांबला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं, मग वीस, आणि गणपतीच्या आरतीला मी बसलो, ती पट्टी सोडून वाजवलं.

तुमची ही पद्धत कुठून आली ते नंतर वाचलं. पर्वरीच्या संगाथ संस्थेने आपल्याच गोव्यातल्या १० आरोग्य केंद्रांत ४९५ लोकांवर हे तपासून बघितलं होतं, सहा ते आठ सेशन, घेणारे डॉक्टर नाहीत, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी सेशन घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, न घेतलेल्यांत ३९ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. म्हणजे जगाने वाचलं ते आमच्या गावातल्या बाकड्यावर झालं होतं आणि मला पत्ता नव्हता.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे, शंभरदा तिथून गेलोय. कांदोळीत १७५६ ला जन्मलेला, संमोहन करणारा पाद्री, आपला माणूस. त्याच्या काळात लोक समजायचे की संमोहन करणाऱ्याच्या अंगात काही शक्ती असते, तो म्हणाला नाही, जे होतं ते समोरच्याच्याच मनातून होतं. परवा तिथे सिग्नलला थांबलो तेव्हा तुमचं ते वाक्य आठवलं, केलं ते तुम्हीच. असेल बाय. पण पुतळ्यात तो हात पुढे करून उभा आहे ना. माझ्यासमोर तुम्ही होतात, आणि पावसात आला होतात.

आता कसा आहे तर ठीक आहे. एक टिपर विकला, दुसरा बांधकामाच्या मालावर चालतो, कर्ज अजून आहे. मध्ये एकदा परत पहाटे तीनची जाग सुरू झाली, पण यावेळी चौथ्या दिवशी बायकोला सांगितलं आणि आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. भजनी मंडळाच्या खोलीत टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर लिहून लावलाय, फुकट आहे, दिवसरात्र चालतो. मंडळातल्या एकाने तो गुपचूप मोबाईलमध्ये घातला ते मी बघितलं, विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी चहाला घरी बोलावलं.

वही अजून आहे, मुलीने वर ब्राऊन पेपरचं कव्हर घातलंय. ती पट्टी दुरुस्त करून घेतली. नागपंचमीला घरी या, मागच्या दारी हळदीची पानं चांगली वाढलीत, आई पातोळ्या करणार आहे आणि ती बाय कधी येणार म्हणून दरवर्षी विचारते.

तुमचा,
पेटीवाला दादा