‘द पोलर एक्स्प्रेस’ : चेहऱ्यांवर वाद झाला, आवाजाबद्दल कोणी बोललेच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत मुलांना दाखवण्याजोग्या चित्रपटांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आणि त्यावर नंतर छापून आलेली वाचकांची पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. ‘द पोलर एक्स्प्रेस’ या ॲनिमेशनपटातील पात्रांचे चेहरे निर्जीव वाटतात, एवढ्या एकाच कारणावरून लेखकाने तो निकालात काढला आहे. त्याउलट एका वाचकाने नाताळवर याहून चांगला चित्रपट झालाच नाही, असे ठासून लिहिले आहे, तर दुसऱ्या एका पत्रात आपल्या मुलांना हा परका सण दाखवायचाच कशाला, असा सवाल केला आहे. सांतावर विश्वास उरला नसलेल्या एका मुलाला नाताळच्या रात्री उत्तर ध्रुवावर नेणाऱ्या आगगाडीची गोष्ट सांगणारा हा चित्रपट मी नातवंडांबरोबर अनेकदा पाहिला आहे. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या लोको शेडमध्ये, म्हणजे इंजिनांची देखभाल होते तिथे, झाल्यामुळे त्यातल्या गाडीकडे माझे लक्ष इतरांपेक्षा जास्त गेले असेल. परंतु या वादात जी गोष्ट कोणीच बोलून दाखवलेली नाही ती त्या गाडीपाशीच आहे, असे माझे ठाम मत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

चेहऱ्यांबद्दलची तक्रार खरी आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर 2004 मध्ये हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हापासून ती होत आली आहे आणि तिचे कारणही स्पष्ट आहे. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी पात्रे चित्रकारांकडून रेखाटून घेण्याऐवजी नटांच्या अंगावर आणि चेहऱ्यावर बारीक खुणा चिकटवल्या आणि त्यांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपून त्या संगणकातील पात्रांना दिल्या. टॉम हँक्स यांनी तिकिटे तपासणारा कंडक्टर, मुलाचे वडील, डब्याच्या टपावर राहणारा फाटका प्रवासी, सांताक्लॉज अशा अनेक भूमिका तर केल्याच, शिवाय नायक असलेल्या लहान मुलाच्या हालचालीही त्यांच्याच आहेत. गालाच्या आणि ओठांच्या हालचाली या पद्धतीने टिपल्या गेल्या, पण बुबुळांची हालचाल टिपण्याची सोय त्या वेळी नव्हती. डोळे मागाहून बसवावे लागले. त्यामुळे मूल उभे राहते ते मोठ्या माणसासारखे आणि बघते ते नेमके कुठे, हे कळत नाही. कृत्रिम आकृती माणसाच्या जवळजवळ हुबेहूब झाली, पण पूर्ण झाली नाही, की पाहणाऱ्याला ती आवडण्याऐवजी नकोशी वाटू लागते, असे जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्येच मांडले होते. या चित्रपटाच्या पाचच दिवस आधी ‘द इन्क्रेडिबल्स’ हा दुसरा ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला होता. त्यातली माणसे मुद्दाम बेढब काढलेली आहेत, तरीही ती जिवंत वाटतात. समीक्षकांत दुफळी पडली ती इथेच, आणि तरीही रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या जाणत्या समीक्षकाने या चित्रपटाला चारपैकी चार तारे दिले होते.

आता गाडीविषयी. हे इंजिन कोणाच्या कल्पनेतून उतरलेले नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील लिमा येथील कारखान्यात 1941 साली बांधलेले, पेअर मार्केट रेल्वेचे 1225 क्रमांकाचे वाफेचे इंजिन हे त्याचे मूळ आहे. अमेरिकेत महिना आधी आणि तारीख नंतर लिहितात, म्हणजे 1225 हा आकडाच नाताळचा दिवस आहे. ज्या चित्रमय पुस्तकावरून हा चित्रपट झाला त्याचे लेखक-चित्रकार ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग हे मिशिगनचे आणि हे इंजिन त्यांनी लहानपणी तिथेच पाहिलेले. चित्रपट तयार करताना या इंजिनाचे मूळ आराखडे वापरण्यात आले आणि त्याचे प्रत्यक्ष आवाज ध्वनिमुद्रित करण्यात आले. ते आवाज अस्सल आहेत, हे कानाला पहिल्याच मिनिटाला कळते. मध्यरात्री अंथरुणात जागा असलेला मुलगा घंटांच्या नादाची वाट पाहत पडलेला असताना आधी खोलीतल्या वस्तू थरथरू लागतात, मग शिटी येते आणि मग घरासमोर उभ्या राहिलेल्या इंजिनातून वाफ सुटते. उभे इंजिन गप्प नसते. त्याची वाफ फुसफुसत राहते, आतून धडधड चालू असते, आणि गाडी निघताना पहिले चार-पाच भपकारे सुटे-सुटे व जड येऊन मग एकमेकांत मिसळत जातात. हा सगळा क्रम चित्रपटात जसाच्या तसा आहे. ज्यांनी कुर्डुवाडीहून बार्शीकडे किंवा पंढरपूरकडे जाणाऱ्या अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीतून प्रवास केला आहे, त्या आमच्या पिढीतल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. सोलापूरला 1860 साली रेल्वे आली, बार्शी लाईट, म्हणजे हीच छोटी गाडी, 1897 साली सुरू झाली. या जिल्ह्याचे कान वाफेच्या शिटीवर आणि गिरण्यांच्या भोंग्यावर पोसलेले आहेत. आज दहा वर्षांच्या मुलाला तो आवाज ऐकायचा म्हटले तर कुठे ऐकवणार?

चित्रपटाच्या कथेचा गाभाही ऐकण्याचाच आहे, याकडे दोन्ही बाजूंच्या पत्रलेखकांचे दुर्लक्ष झाले. सांताच्या घसरगाडीची घंटी मुलाच्या हातात येते, तो ती हलवतो आणि त्याला काहीच ऐकू येत नाही. विश्वास बसल्यावरच ऐकू येते. शेवटी घरी परतल्यावर तीच घंटी आईवडिलांना बिघडलेली वाटते, बहीणभावंडांना मात्र तिचा नाद स्पष्ट ऐकू येतो. अशी कथा सांगणाऱ्या चित्रपटाचे ध्वनिकाम कच्चे असते, तर तो खरोखरच फसला असता. ऑस्करसाठी त्याला तीन नामांकने मिळाली, ती ध्वनिसंकलन, ध्वनिमिश्रण आणि गीत यांसाठी. सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाच्या यादीत तो नव्हता. माझ्या मते हा निवाडा अगदी योग्य होता आणि या चित्रपटाची बाजू मांडताना चेहऱ्यांचे समर्थन करत बसण्याची कोणाला गरज नाही.

स्तुती करणाऱ्या वाचकांशीही माझे एका बाबतीत पटत नाही. मूळ पुस्तक 1985 सालचे, जेमतेम 32 पानांचे, आणि चित्रपट सुमारे शंभर मिनिटांचा आहे. मधली जागा भरण्यासाठी गोठलेल्या तळ्यावर घसरणारी गाडी, जत्रेतल्या पाळण्यासारखे चढउतार आणि गरम चॉकलेट वाढणाऱ्या वेटरांचे नाचगाणे घालण्यात आले आहे. रेग्युलेटरची, म्हणजे वाफ कमीजास्त करणाऱ्या दांड्याची, कॉटर पिन तुटते आणि गाडी आवरेनाशी होते, हा प्रसंग मला फार मोलाचा वाटला होता. बोटभर पिनेवर शेकडो टनांचा भार कसा अवलंबून असतो, हे लोकोत काम केलेल्याला ठाऊक असते. पण इंजिनावरच्या माणसाने ती पिन गिळली, असा विनोद करून तो प्रसंग वाया घालवला आहे.

त्यापेक्षा शेवटच्या डब्यात एकट्या बसणाऱ्या बिलीकडे पाहावे. रुळांपलीकडच्या गरीब वस्तीतला हा मुलगा आधी गाडीत चढत नाही, मग धावत सुटतो आणि त्याला गाडी गाठता येत नाही. नायक आणीबाणीचा ब्रेक, म्हणजे आपल्याकडची साखळी, ओढून गाडी थांबवतो आणि वेळापत्रकाचा धाक असलेल्या कंडक्टरचा ओरडा खातो. विनाकारण साखळी ओढणाऱ्यांना मी आयुष्यभर नावे ठेवली, पण या प्रसंगात नातीने माझ्याकडे पाहून विचारले की त्याने केले ते चूक का, तेव्हा मी तिला नाही म्हणालो. नाताळ आपल्या वाट्याला कधी येतच नाही, हे त्या पोराच्या बोलण्यातून कळते तेव्हा चेहऱ्याचा ताठरपणाही आड येत नाही.

परक्या सणाच्या मुद्द्यावर फार लिहिण्याचे कारण नाही. सोलापुरात मराठी चर्च पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथली उपासना मराठीत होते, आणि रेल्वेच्या क्वार्टरांत डिसेंबरअखेरीस केक आणि करंज्यांची ताटे आमच्याकडे आली तशीच दिवाळीची ताटे त्यांच्याकडे गेली. ज्यांचा हा सण आहे त्या माझ्या शेजाऱ्यांची तक्रार तर उलटीच आहे. कथेत सगळा भर सांतावर आणि भेटवस्तूंवर आहे, येशूजन्माला त्यात स्थान नाही, असे ते म्हणतात. ती मला अधिक विचार करण्याजोगी वाटते.

पालकांना एक सूचना करावीशी वाटते. टाकून दिलेल्या खेळण्यांच्या डब्यात दोऱ्यांवरची एक कळसूत्री बाहुली एकाएकी मुलाच्या अंगावर येते. पाच-सहा वर्षांची मुले तिथे घाबरतात, म्हणून कोणीतरी मोठ्याने जवळ बसावे. आणि हा चित्रपट मोबाइलच्या बारीक स्पीकरवर दाखवू नये. टीव्हीला बरा स्पीकर जोडावा, आणि इंजिन घरासमोर येऊन उभे राहते तेव्हा शेजारी काय म्हणतील या विचाराने आवाज कमी करू नये.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
रेल्वे लाइन्स, सोलापूर