ग्रीनहॅमचे बंकर आणि आपले भुयार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमन या बंद पडलेल्या हवाई तळावरच्या बंकरांबद्दलचा मजकूर आपल्या रविवार पुरवणीत वाचला. जमिनीखाली मजल्यावर मजले आहेत, क्षेपणास्त्रे अजून तिथेच दडवलेली आहेत, असे तर्क त्यात होते. माझा पुतण्या तळाजवळच्या न्यूबरी गावात नोकरीला आहे. गेल्या वर्षी मी ती जागा पाहून आलो, म्हणून लिहितो.

मुळात ते बंकर जमिनीखाली नाहीतच. जमिनीवरच जाड काँक्रीटचे बांधकाम करून त्यावर मातीचे ढीग चढवले आहेत. कुंपणाबाहेरून गवताळ टेकाडांसारखे दिसतात. एकूण ६ आणि प्रत्येकात १६, अशी अमेरिकेची ९६ क्रूझ क्षेपणास्त्रे तिथे होती. १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी अशी क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला आणि १९९१ पर्यंत ती सगळी हलवली गेली. त्या करारानुसार सोव्हिएत निरीक्षकांना तळावर येऊन तपासणी करता येत होती. ज्यांच्यावर ती रोखलेली होती तेच पाहून गेले, मग लपवायची कुणापासून? आज धावपट्टी उखडली आहे आणि माळावर गुरे चरतात.

तरीही, अशा गोष्टी खऱ्या मानणाऱ्यांना हसणे मला पटत नाही. २८ फेब्रुवारी १९५८ ला याच तळावर एका बी-४७ विमानाने अडचणीत आल्यावर इंधनाच्या टाक्या टाकून दिल्या. भडका उडाला आणि उभे असलेले दुसरे बॉम्बफेकी विमान जळाले. त्यात अण्वस्त्र होते का, ही शंका काही शास्त्रज्ञांनी १९६१ च्या गुप्त अहवालात मांडली होती. तो अहवाल लोकांसमोर आला १९९६ मध्ये! किरणोत्सारामुळे मुलाबाळांच्या आजारपणाची धास्ती घेतलेल्या तिथल्या आईबापांनी पस्तीस वर्षांनंतर तो वाचला, तर त्यांनी काय समजायचे? पुढे स्थानिक परिषदांनी साउदॅम्प्टन विद्यापीठाकडून परिसराची तपासणी करून घेतली. अणुअपघाताचा पुरावा मिळाला नाही. पण हे तेव्हाच व्हायला हवे होते.

आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातून थेट नळदुर्गापर्यंत भुयार आहे, असे मला आजीने सांगितले होते. सुट्टीत आम्ही पोरे ते शोधत हिंडलो. पुढे शिक्षक झाल्यावर वर्गात हाच प्रश्न यायचा. मी मुलांना विचारायचो, चाळीस-पन्नास किलोमीटर काळा पाषाण फोडला, तर निघालेला दगड-मुरूम टाकला कुठे? आत हवा कुठून येणार? विहिरींचे झरे फुटले नसतील का? मुले वहीत हिशेब मांडायची आणि तास कधी संपला ते कळायचे नाही.

आपण बंकरांवर जरूर छापा, मुले ते आवडीने वाचतात. फक्त आत कोण गेले, केव्हा गेले आणि त्यांना काय आढळले, तेही त्याच पानावर द्या. सोव्हिएत तपासणीचा त्या मजकुरात एका ओळीनेही उल्लेख नव्हता, एवढ्यासाठीच हे पत्र.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सोलापूर