मायका वॉशरवाल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. ठाण्याच्या नौपाड्यात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. आभार दुकानातच मानायला गेलो तर तुम्ही ते हाताने उडवून लावलेत आणि मागच्या बाईंचा मिक्सर पुढे ओढलात. तेव्हा आता चार लोकांसमोर मानतो, म्हणजे उडवता येणार नाहीत.

आमच्या आठवीतल्या मुलीने किटमधून जोडलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर तुम्हाला आठवत असेल. आवाज वाढवणारे दोन टीडीए २०३० आयसी, १२-०-१२ व्होल्टचा २ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, ४७०० मायक्रोफॅरडचे दोन फिल्टर कंडेन्सर आणि किटबरोबरच आलेला पत्र्याचा डबा. टेबलावर उघडा ठेवला की झकास वाजायचा. डब्यात बसवला की फ्यूज उडायचा, आणि तोही दर वेळी नाही, हे आणखी वाईट.

तुमच्याआधी ज्यांनी ज्यांनी तो पाहिला त्यांची कामगिरीही नोंदवून ठेवतो. एकाने न मोजता आयसी बदलले आणि पैसे घेतले. दुसऱ्याने अर्ध्या ॲम्पिअरच्या फ्यूजच्या जागी २ ॲम्पिअरचा टाकून 'आता नाही जाणार' असं सांगितलं. जाणार नाहीच! त्याच्याऐवजी ट्रान्सफॉर्मर गेला असता. हा ट्रान्सफॉर्मर ४८ व्हीएचा (२४ व्होल्ट गुणिले २ ॲम्पिअर), पूर्ण भार घातला तरी २३० व्होल्टवर जेमतेम ०.२ ॲम्पिअर ओढणार. तिसरे म्हणाले की ताकद कमी पडतेय, १५-०-१५ लावा. एसीचं डीसी होताना १५ ला १.४१ ने गुणलं की २१, ते काम करणाऱ्या डायोडच्या ब्रिजमध्ये एखादा व्होल्ट गेला तरी २०. टीडीए २०३० ची कमाल मर्यादा अधिक-उणे १८ व्होल्ट, म्हणजे आयसीच गेले असते. आणि ज्याने किट विकलं त्याचं एकच पालुपद, 'आमच्याकडून चेक होऊनच जातं.' पोरीला दुसरा छंद लावा, हा सल्ला मात्र सगळीकडे फुकट मिळाला.

तुम्ही प्लग लावलाच नाहीत. मीटर बीपवर ठेवलात, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो; एक टोक आयसीच्या मागच्या धातूच्या पट्टीला, दुसरं डब्याला. बीप. मग दोन्ही आयसींचे स्क्रू सैल करून पट्ट्यांच्या मागे लग्नपत्रिकेचे तुकडे सरकवलेत, स्क्रू पूर्ण काढून ठेवलेत, पुन्हा टोकं लावलीत. बीप बंद. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत.

इतर वाचकांसाठी उलगडून सांगतो, कारण हे किट अजून विकलं जातंय. टीडीए २०३० ची मागची पट्टी आतून तीन नंबरच्या पायाला, म्हणजे मायनस सप्लायला जोडलेली असते. ती हीटसिंकला, म्हणजे आयसी थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याला टेकते, हीटसिंक डब्याला, आणि डब्यावरच्या आरसीए सॉकेटची (गाण्याची वायर खुपसायची जागा) बाहेरची कडी सिग्नलच्या ग्राउंडला. म्हणजे मायनस सप्लाय थेट ग्राउंडवर शॉर्ट. टेबलावर डबाच नसतो, म्हणून वाजतो. आणि दर वेळी फ्यूज का जात नव्हता? हीटसिंकवरचा काळा थर वीज अडवतो. स्क्रू घट्ट होताना तो खरवडला गेला की शॉर्ट, नाही गेला तर गाणी चालू. आयसी कितीही बदला, काय फरक पडणार?

उपाय म्हणजे पट्टीमागे अभ्रकाचं पातळ मायका वॉशर (वीज अडवतं, उष्णता जाऊ देतं), त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या हीटसिंक पेस्टचा अगदी पातळ हात, आणि स्क्रूसाठी प्लॅस्टिकचा बुश. बुश विसरला तर मायका असून नसल्यासारखा, कारण स्क्रूच पट्टी आणि हीटसिंक जोडून देतो. पाकिटात यातलं काहीच नव्हतं आणि सोबतच्या झेरॉक्स कागदावर उल्लेखही नव्हता. तुम्ही गोळ्यांच्या जुन्या डबीतून दोन्ही जोड्या काढून दिल्यात. सुट्या भागांसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायची एक फेरी वाचली, पण आभार त्याचेही नाहीत.

आभार त्यानंतरच्या गोष्टीचे. बोर्ड उलटा करून तुम्ही भिंगातून सोल्डरचे डाग बघितलेत आणि फिल्टर कंडेन्सरच्या ग्राउंडच्या पायांशी थांबलात. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाग, राखाडी, दाणेदार. तिथे तांब्याचा पट्टा रुंद असतो, उष्णता शोषून घेतो. बाकीच्या डागांना दोन-तीन सेकंद पुरतात, इथे २५ वॉटच्या आयर्नला चार-पाच लागतात. तुम्ही स्वतः ते दहा सेकंदांत मारून दिले असते. त्याऐवजी मार्करने दोन ठिपके केलेत, आयर्नची मूठ तिच्याकडे केलीत आणि बोर्ड हलू नये म्हणून तुमची दोन बोटं त्याच्या कडेला धरलीत. आयर्नचं साडेतीनशे अंशांचं टोक, म्हणजे बिट, एका आठवीतल्या मुलीच्या हातात, आणि तिथून दीड इंचावर तुमची बोटं. 'आधी पाय आणि पट्टा दोन्ही तापव, मग वायर डागाला लाव, बिटाला नको,' एवढंच बोललात. ती घाबरून थांबली तेव्हाही बोटं काढली नाहीत.

दोन्ही डाग चकचकीत आले. तुम्ही 'हं' म्हणालात आणि सिरीज बोर्ड, म्हणजे विजेच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड, पुढे ओढलात. बल्ब क्षणभर पेटला, कंडेन्सर भरले तसा मंदावत विझला. शॉर्ट असता तर पेटलेलाच राहिला असता. मग स्पीकर लावायच्या आधी आउटपुटवरचा डीसी मोजायला लावलात: २२ आणि २७ मिलिव्होल्ट. ५० च्या आत ठीक, आणि आकडा व्होल्टमध्ये आला तर स्पीकरला हातही लावायचा नाही, नाहीतर कॉइल जळते, हे तिने तिथेच वहीत लिहून घेतलं.

हल्ली मदतीला बसलेला माणूस समोरच्याच्या हातातून काम काढून घेतो. घाई असते, आपल्याला येतं हे दाखवायचंही असतं. तरी चष्म्याचा स्क्रू पिळून 'राहू द्या' म्हणणारे आणि नुसता सेल संपलाय हे सांगून घड्याळ परत करणारे लोक ठाण्यात अजून आहेत. त्यांच्या दुकानांवर पाट्या लहान असतात आणि गुगलवर तारे नसतात. तुम्हाला तारे द्यायला गेलो तर दुकानच सापडलं नाही. बरंच आहे म्हणा, गर्दी होईल.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पण तुमच्या सिरीज बोर्डाचा बल्ब काळवंडलाय हे मी पाहिलंय. तिथे एलईडी चालत नाही, फिलामेंटचाच लागतो, आणि ते आता सहज मिळत नाहीत. ६० वॉटचे दोन घेऊन ठेवलेत. शनिवारी संध्याकाळी मुलगी आणून देईल. तिला नाही म्हणू नका. तिच्याकडे एफएम रेडिओचं नवीन किटही असेल, आणि त्याच्या कॉइलबद्दल तिला बरंच काही विचारायचंय.

आपला नम्र,
ॲम्प्लिफायरवालीचा बाबा, ठाणे