खापरावरून ताट ओळखू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातला हडप्पाकालीन मडक्यांत मुरलेल्या चरबीच्या अभ्यासावरचा लेख वाचला. मजकूर ठीक होता, मथळ्याने मात्र घात केला. सिंधू संस्कृतीतल्या लोकांना डुकराच्या मांसाशिवाय घास उतरत नव्हता, असाच कुणाचाही समज होईल. शिवाजी पार्कच्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर लगेच दोन तट पडले, एक मांसाहारी, एक शाकाहारी. खाद्यतेलाच्या कारखान्यात मी तीस वर्षं गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवला, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. तिथे तो कुणी ऐकून घेतला नाही, म्हणून हे पत्र.

माझी आई माशाच्या कालवणाचं मातीचं भांडं वेगळं ठेवायची. राखेनं कितीही घासा, त्यात पाणी तापवलं तरी वास यायचाच. बिनझिलईचं मडकं स्निग्धांश पिऊन बसतं, आणि तो हजारो वर्षं टिकतो. प्रयोगशाळेत खापराचा थोडासा तुकडा कुटून भुकटी करतात, त्यातली चरबी द्रावकानं काढून घेतात आणि यंत्रात सोडतात. इथपर्यंतचं काम आम्ही शेंगदाणा तेलातली भेसळ धरायला करायचो तसंच. पुढे मात्र पामिटिक आणि स्टिअरिक या चरबीतल्या दोन आम्लांमधल्या कार्बनची समस्थानिकं, म्हणजे त्याचे हलके-जड अणू, मोजतात. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या दुधातल्या स्टिअरिक आम्लाचा कार्बन त्यांच्याच अंगातल्या चरबीपेक्षा हलका निघतो, म्हणून दुधाचं मडकं आणि मांसाचं मडकं वेगळं ओळखता येतं. कच्छमधल्या कोटडा भडलीच्या खापरांतून सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दुधाचा माग 2020 साली असाच लागला.

ज्या अभ्यासावरून कट्ट्यावर वाद पेटला, तो पुरातत्त्व संशोधक अक्षयेता सूर्यनारायण आणि सहकाऱ्यांचा. हरियाणा आणि उत्तर प्रदेशातल्या सिंधू वसाहतींची 172 खापरं त्यांनी तपासली. बऱ्याच भांड्यांतले आकडे डुकरासारख्या रवंथ न करणाऱ्या प्राण्यांच्या चरबीशी जुळले, हे खरं. पण त्या भागात सापडणाऱ्या हाडांत निम्म्याहून अधिक गाई-म्हशींची असतात, डुकराची थोडीच. मग एवढी चरबी आली कुठून? एकाच मडक्यात आज दूध, उद्या मटण, परवा तेलबिया शिजल्या, तर सगळ्याचं मिश्रण होऊन आकडा नेमका डुकराच्या जागी जाऊन बसू शकतो. ही शक्यता संशोधकांनी स्वतःच मांडली आहे. मथळ्यात ती कुठे गेली?

आणि शाकाहारी तटानेही इतक्यात हुरळून जाऊ नये. धान्य-डाळीत स्निग्धांश मुळातच कमी, त्यामुळे रोजची लापशी किंवा वरण या चाचणीत जवळजवळ दिसतच नाही. वर्षभर वरण शिजवलेल्या मडक्यात एकदा मटण केलं, तर यंत्र मटणाचंच नाव घेणार. वनस्पतींसाठी वाट दुसरी आहे. हरियाणातल्याच फरमाणा या सिंधू वसाहतीत सूक्ष्मदर्शकाखाली पिष्टाचे कण पाहून हळद आणि आलं ओळखलं गेलं. चरबीची चाचणी त्याबद्दल अक्षरही बोलली नसती.

दोन्ही तटांना निकाल हवा तो आजच्या भांडणासाठी. खापर फार तर भांड्यात काय काय पडलं ते सांगेल; ते कुणाच्या पानात वाढलं, सणाला की रोज, हे नाही. तेव्हा पुढच्या वेळी मथळा देताना 'डुकरासारखी चरबी, पण मिश्रणही शक्य' एवढं लिहावं, ही विनंती. खप थोडा कमी होईल, पण चालेल.

जाता जाता एक. मागच्या हिवाळ्यात नातीला घेऊन घारापुरीला गेलो होतो. भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरं त्या बेटावर सापडली आहेत, हे मी तिला बोटीत सांगून ठेवलेलं. किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या तिनं एक लालसर तुकडा उचलला. हातात नुकताच संपवलेला वडापाव, बोटं तेलकट. "ठेव जिथल्या तिथे," मी म्हटलं, "नाहीतर उद्या कुणीतरी छापेल, रोमन लोक पामतेलात तळायचे."

आपला,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, माहीम, मुंबई