मुलगा घरात नसेल तर सहा महिने कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

परदेशात सुना सासूसासऱ्यांना कशा वागवतात यावर तुमच्या रविवार पुरवणीत पत्रं येतायत, सगळी वाचली. पण त्यावेळी मुलगा कुठे होता हे एकानेही लिहिलेलं नाही. मी सासू आहे आणि न्यू जर्सीत एडिसनला राहून आलेय म्हणून लिहितेय.

आमचा मुलगा कन्सल्टिंगमध्ये. सोमवारी पहाटे अंधारातच नेवार्कहून विमान, गुरुवारी रात्री परत, शुक्रवारी लॅपटॉपला चिकटलेला, म्हणजे भेटायला गेलो मुलाला आणि राहिलो सुनेकडे. तीही नोकरी करते, घरूनच, दार लावून दिवसभर मीटिंगा, नातीची शाळेची बस तिनेच सांभाळायची, वर आम्ही दोघं. आम्हाला गाडी येत नाही, बाहेर बर्फ, ओक ट्री रोडवर आपलं सगळं मिळतं हो, कढीपत्त्यापासून भाजणीपर्यंत, पण नेणार कोण, परत तीच. मी फोडणी टाकली की स्मोक अलार्म कोकलायचा आणि ती मीटिंग सोडून टॉवेल हलवत धावत यायची. त्यात तिथल्या भिंती म्हणजे पुठ्ठा. हे थंडीत रात्री नवाला सांगलीला भावाला फोन लावायचे, इकडे सकाळचे साडेसात, आणि "अरे तुरुंग आहे नुसता" हे पलीकडे सुनेला शब्दन् शब्द ऐकू जायचं. सकाळी चहा देताना ती गप्प, मी पण गप्प. मुलगा असता तर तिने त्याला सुनावलं असतं, त्याने आम्हाला, एकदाचं भांडण होऊन मोकळे झालो असतो.

एका सोमवारी तर तो विमानात बसला, फोन बंद, आणि इकडे ह्यांच्या छातीत जळजळायला लागलं, दरदरून घाम. सून फोन हातात धरून उभी, "आई, ९११ लावू का?" (म्हणजे तिथला अँब्युलन्स-पोलिसांचा नंबर). आता ह्यांना बीपी जुनं, व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुन्या आजाराला बहुतेक कव्हर नसतं, असलंच तर सतरा अटी, तिथला सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, तो पाहुण्यांना नाहीच, अँब्युलन्सचंसुद्धा बिल येतं. हो म्हणावं तर खर्च पोरांच्या डोक्यावर, नाही म्हणायची हिंमत नाही. शेवटी तिनेच लावला. अॅसिडिटी निघाली, बिल यायचं ते आलंच. पण सासऱ्याच्या जिवाचा निर्णय तिने एकटीने घ्यायचा, उद्या काही कमीजास्त झालं असतं तर डोंबिवलीपासून सांगलीपर्यंत सगळ्यांनी तिलाच धरलं असतं ना?

आता आपल्याकडची दुसरी सवय. व्हिसा दहा वर्षांचा मिळतो, तिथे उतरल्यावर विमानतळावरचा ऑफिसर साधारण सहा महिन्यांची मुदत देतो, आणि आपले लोक ती शेवटच्या आठवड्यापर्यंत वसूल करतात, तिकीट एवढं महाग म्हणून. आम्ही निघालो की सुनेचे आईवडील येणार, तेव्हाही मुलगा बाहेरगावीच, पण तिच्या आईची तक्रार नसते, पोटची पोर समोर असते ना तिच्या.

माझं म्हणणं एवढंच की बोलावणं आलं की तारखेआधी मुलाला विचारा, बाबा तू किती दिवस घरी आहेस? रात्री-अपरात्री कोणत्या हॉस्पिटलात जायचं, जवळच्या कुठल्या मित्राला उठवायचं, इन्शुरन्सचे कागद कुठे आहेत हे त्याने आधी ठरवून लिहून फ्रीजवर लावावं, बायकोवर सोडू नये. आणि सुनेवर पत्रं लिहिणाऱ्यांनी एक पत्र मुलालाही टाकावं.

आम्ही पुढच्या खेपेला मे-जूनमध्ये दोनच महिने जाणार आहोत. ह्यांचं अजून "बघू" चाललंय. मी मुलाला सांगून ठेवलंय, त्या दोन महिन्यांत तुझं प्रोजेक्ट कुठे आहे ते कळव, मग तिकीट काढते.

- एक सासू, डोंबिवली (पूर्व)